तळघराची वायरिंग (खानदेश)

तळघराची वायरिंग : जमिनीखालच्या खोलीत दिवे, पंखे, प्लग व पंप यांसाठी वीज नेण्याची आखणी. जळगाव-धुळ्याच्या बोलीत ‘बेसमेंटची फिटिंग’. जुन्या खानदेशी घरांत जमिनीखाली धान्याचे पेव असे, त्याला वीज लागत नव्हती. आज तळघरे दिसतात ती व्यापारी संकुलांत, दवाखान्यांत आणि नव्या बंगल्यांत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वाहनतळ, साठवण यांसारख्या कामांसाठी तळघराला परवानगी आहे, राहण्यासाठी नाही. त्यामुळे नकाशात कोठी आणि प्रत्यक्षात टीव्हीची बैठक, असा प्रकार झाला की वायरिंगचा हिशेब चुकतो, कारण लोड कोठीचा धरलेला असतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि भिंतीवर दाब आणते. म्हणून आधी वॉटरप्रूफिंग, मग वायरिंग. मातीला टेकलेल्या भिंतीला झिरी मारली की केलेले वॉटरप्रूफिंग फुटण्याची भीती असते. अशा भिंतीवर पाइप वरूनच न्यावा, किंवा स्लॅब टाकतानाच पाइप टाकून ठेवावेत. जळगावात पीव्हीसी पाइपांना तोटा नाही. पण पाण्याचा पाइप वापरून त्यात वायरी ओढणे ही काटकसर नव्हे, तिथे आग न पसरवणारा वायरिंगचाच पाइप हवा. बाहेरून येणारा पाइप जमिनीच्या पातळीवरून आत घेतला तर वायरींबरोबर पाणीही आत उतरते. तो उंचावरून आणून त्याचे बाहेरचे तोंड खाली वळवतात.

मीटर, मेन स्विच आणि मुख्य डीबी (वितरण पेटी) तळमजल्यावर ठेवावेत. खाली पाणी शिरले तर पाण्यात न उतरता वीज तोडता आली पाहिजे. त्याच कारणाने प्लग जमिनीलगत न ठेवता चार-साडेचार फुटांवर घेतात. दिव्यांना १.५, सोळा अँपिअरच्या प्लगला २.५ आणि एसीला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर ही रूढ मापे. अंतर लांब असेल तर वाढवावी लागतात. जिन्याच्या दोन्ही टोकांना टू-वे बटन हवे. दिवे दोन सर्किटांवर वाटावेत, म्हणजे एक ट्रिप झाले तरी अंधारात जिना चाचपावा लागत नाही. उपसा पंपाचे सर्किट स्वतंत्र असावे, कारण पावसाळी रात्री प्लगच्या बिघाडाने आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) पडला आणि पंपही थांबला, तर सकाळी तळघर भरलेले सापडते. प्लगच्या सर्किटांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट पाहतो. माणसाला बसणारा धक्का त्याच्या लक्षातही येत नाही.

अर्थिंगच्या बाबतीत काळी माती दुटप्पी आहे. ओली असताना ती वीज चांगली वाहून नेते; मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की वरचा थर कोरडा पडून भेगा पडतात आणि अर्थचा रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालण्याची जुनी पद्धत म्हणूनच टिकली आहे.

इन्व्हर्टरची बॅटरी तळघरात ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो वायू हलका असल्याने छताखाली साठतो, आणि तळघराला खिडकी क्वचितच असते.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून, तारतंत्री किंवा वीजतंत्री माणसांच्या हातून करून घ्यावे. वीज चालू करण्याआधी मेगरने ५०० व्होल्टवर वायरींचे इन्सुलेशन तपासतात. वाचन १ मेगओहमच्या खाली आले तर ओल किंवा सोललेली वायर शोधून दुरुस्त करावी लागते. हीच तपासणी पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा करावी.