'देवराई', वाणी सर आणि आमचा दादा

परवा शनिवारी रात्री 'देवराई' परत पाहिला. 2004 चा सिनेमा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्किझोफ्रेनिया झालेला शेष (अतुल कुलकर्णी) आणि त्याला सांभाळणारी बहीण (सोनाली कुलकर्णी). या वेळी मी शेषपेक्षा बहिणीकडेच जास्त बघत होतो. कारण सांगतो.

आमचं गाव कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. माझ्या चुलतभावाला, दादाला, 2010 मध्ये बारावीनंतर आवाज ऐकू यायला लागले. आजी म्हणाली, "बाहेरचं झालंय." उतारे झाले, अंगारे झाले, टोकाईच्या गडावर नवस झाला. मग सगळ्यांनी मिळून जालीम उपाय काढला: लग्न लावून द्या, सुधरंल! वहिनीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. वर्षभरात ती माहेरी गेली ती गेलीच.

असो. तर मुद्दा सिनेमामागच्या माणसाचा. डॉ. जगन्नाथ वाणी, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. म्हणजे हा माणूस मनोविकारतज्ज्ञ नव्हे, पेशंटच्या घरातला. 1997 मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. आता पुण्यात डॉक्टर होतेच, औषधं होती, येरवड्याचं मनोरुग्णालय तर इंग्रजांच्या काळापासून. नव्हतं काय, तर पेशंटच्या आईनं, भावानं, नवऱ्यानं 'आमच्याकडे असं असं होतं' हे न लाजता बोलायची जागा. संस्थेनं नातेवाइकांचे स्वमदत गट चालवले, ते त्यासाठी. 'देवराई'च्या पाठीशीही वाणीच उभे राहिले. माहितीपत्रकं कोण वाचतो हो? (आपण तरी रीडमी फाइल उघडतो का?) सिनेमा मात्र घरचे सगळे एकत्र बसून बघतात. त्यात कोकणातलं गाव आहे, देवाच्या नावानं राखलेलं रान आहे. घर ओळखीचं वाटलं की आजारही ओळखू येतो.

पण हे सगळं आमच्या गावापर्यंत आलं नाही. मराठवाड्यात मानसिक आरोग्य सरकारी कागदावर ठळक झालं ते शेतकरी आत्महत्यांमुळे. 2015 चा 'प्रेरणा प्रकल्प', विदर्भ-मराठवाड्यातले 14 जिल्हे, त्यात हिंगोली. आशाताईंनी घरोघरी जाऊन तणावाखालचे शेतकरी शोधायचे. काम चांगलंच, पण दादावर ना कर्ज होतं ना त्याला नापिकीचं टेन्शन. त्या चौकटीत तो बसणार कसा?

नाहीच बसला. आशाताई शेजारच्याच गल्लीतल्या. 2016 च्या पावसाळ्यात त्या आमच्याकडे आल्या, कागद बाजूला ठेवले आणि चुलीपाशी काकूजवळ बसल्या. म्हणाल्या, "काकू, दादाचं राहू द्या. तुम्ही रात्रीला झोपता का?"

सहा वर्षांत काकूला हे कुणीच विचारलं नव्हतं. माझ्यासकट. काकू बराच वेळ रडली. पुढच्या सोमवारी काका, काकू आणि दादा नांदेडच्या बसमध्ये होते.