बिनतारीची बदलती बोली

१९४८ सालचा मे महिना माळव्यातील जुन्या मराठी घरांच्या स्मरणात आहे तो संस्थानांच्या विलीनीकरणामुळे. त्या महिन्याच्या २८ तारखेस मध्यभारताच्या नव्या राज्याचे उद्घाटन झाले आणि धारचे पवार, देवासची थोरली व धाकटी पाती, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे या साऱ्यांचा मुलूख एका राज्यात आला. त्याच्या तेरा दिवस आधी, १५ मे रोजी, महूच्या छावणीत एक लहानसा आरंभ झाला होता. लष्कराच्या ‘स्कूल ऑफ सिग्नल्स’मध्ये ‘ॲमेच्योर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ स्थापन झाला. स्वतंत्र भारतातील हौशी बिनतारीकारांची ही पहिली संस्था. पुढे तिचे कार्यालय दिल्लीस गेले आणि १५ मे १९५४ पासून ती ‘ॲमेच्योर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ म्हणून ओळखली जाऊ लागली. धार आणि देवास यांच्यामधल्या टापूतील या छावणीचे नाव आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून घेतो, ते योग्यच आहे. आपल्या प्रांताच्या इतिहासात या दुसऱ्या नोंदीसही चार ओळी मिळाव्यात.

हौशी बिनतारी, म्हणजे ज्याला आपण ‘हॅम रेडिओ’ म्हणतो, तो सरकारच्या संमतीवर जगणारा छंद आहे. १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी मंडळींना आपले ट्रान्समीटर पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम निघाले. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे चालविलेले ‘काँग्रेस रेडिओ’ आपणांस ठाऊक आहे. त्याच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या हौशी जाणकाराचा हात होता. १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडली आणि तो आवाज बंद झाला. युद्धानंतर परवाने पुन्हा मिळू लागले खरे. पण महूचा क्लब स्थापन झाला तेव्हा साऱ्या देशात परवानाधारक सुमारे ५०, आणि प्रत्यक्ष बोलणारे जेमतेम डझनभर होते.

या मूठभर लोकांची यंत्रे कोणती? बहुतेक लष्कराने मोडीत काढलेली. बाँबफेकी विमानांतून उतरविलेले अमेरिकन ‘बीसी-३४८’ आणि इंग्रजी ‘आर-११५५’ हे व्हॉल्व्हचे रिसीव्हर युद्धानंतर जगभरच्या हौशी मंडळींच्या टेबलावर आले. ट्रान्समीटर बहुधा स्वतःच बांधायचा. ऐकण्याची पेटी एक, बोलण्याची दुसरी, वीज पुरविणारी तिसरी; शिवाय अंगणात दोन खांबांमध्ये ताणलेली तार. सुटे भाग शोधण्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खेपा घालणे हा या छंदाचा भागच होता. आपल्या हाताने डाग दिलेल्या यंत्रात बिघाड झाला, तर तो कोठे असेल याचा अंदाज त्या माणसास असे.

हे लोक मोर्सच्या कट्ट-कडकट्टने बोलत किंवा ‘एएम’ पद्धतीच्या ध्वनीने. १९६० नंतरच्या दशकात ‘सिंगल साइड बँड’ ही नवी पद्धत आली आणि या छंदातील सर्वांत मोठी उलथापालथ झाली. तिचे गणित साधे आहे. ‘एएम’च्या ट्रान्समीटरमधून पूर्ण आवाजात १०० वॅट शक्ती बाहेर पडत असेल, तर तीतील ६७ वॅट नुसत्या वाहक लहरीत जातात आणि तीत एक अक्षरही नसते. उरलेल्या शक्तीचे दोन सारखे वाटे होतात, आणि दोहोंत तेच बोलणे असते. म्हणजे कामाचे वॅट अवघे १७. नव्या पद्धतीने वाहक लहर आणि एक वाटा गाळून टाकला आणि सारी शक्ती उरलेल्या वाट्यास दिली. जागाही निम्मी लागू लागली. दिवसा ७ मेगाहर्ट्झची लहर आयनांबरावरून परतून माळव्यातून सरळ रेषेत पाचेकशे किलोमीटरवरच्या पुण्या-मुंबईस पोहोचते. त्या गर्दीच्या पट्ट्यात जेथे एक संभाषण मावत होते तेथे दोन मावू लागली.

अडचण एकच होती. जुन्या रिसीव्हरवर हा नवा आवाज बदकांच्या कलकलाटासारखा ऐकू येई. शब्द कळण्यासाठी गाळलेली वाहक लहर ऐकणाऱ्याने आपल्या पेटीत पुन्हा निर्माण करावी लागे. लष्करी रिसीव्हरमध्ये मोर्स ऐकण्यासाठी एक लहानसा आंदोलक असे. तो चालू करून बटण केसभर फिरविले की त्या कलकलाटातून माणसाचा आवाज निघे. ज्यास हे जमले तो जुन्या पेटीनिशी नव्या सभेत बसला. ज्यास जमले नाही तो हळूहळू एकटा पडला.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. घरातील शिवणयंत्र आपण आपल्या मर्जीने बदलतो. शेजाऱ्यास त्याचे काही नसते. बिनतारीचा संच मात्र दोन टोकांचा असतो. त्यातील काही बदल केवळ यंत्राचे असतात, तर काही बोलीचेच. यंत्र बदलले तरी पलीकडच्यास त्याची वार्ताही लागत नाही. बोली बदलली तर त्यानेही बदलावे लागते, नाहीतर संबंध तुटतो.

पुढचे बदल या कसोटीवर पाहावेत. बोलण्याची आणि ऐकण्याची पेटी एक करणारा ट्रान्सीव्हर अमेरिकेच्या कॉलिन्स कंपनीने १९५७ साली ‘केडब्ल्यूएम-१’च्या रूपाने आणला. १९७० च्या सुमारास जपानी याएसूचा ‘एफटी-१०१’ आला, त्यात शेवटच्या टप्प्याचे व्हॉल्व्ह सोडले तर सारे ट्रान्झिस्टर होते. आपल्याकडे आयातकरामुळे असे संच दुर्मीळ होते. राजीव गांधी हे स्वतः परवानाधारक, त्यांचे संकेतनाम ‘व्हीयू२आरजी’. त्यांच्या कारकिर्दीत करात सवलत मिळाली आणि वाट थोडी मोकळी झाली. ज्यांना तरीही परवडत नव्हते त्यांच्यासाठी हैदराबादचे अश्हर फरहान यांनी या शतकाच्या आरंभी ‘बिटएक्स’ची रचना खुली केली. त्यातील गुंडाळ्या नळाच्या वायसरांवर घालता येत आणि गाळणीस बाजारातले स्वस्त १० मेगाहर्ट्झचे स्फटिक चालत. २०१६ चा आयकॉम ‘आयसी-७३००’ तर लहरीचे थेट आकड्यांत रूपांतर करतो आणि पडद्यावर सारा पट्टा रंगांत दाखवितो. हे सारे यंत्राचे बदल. या नव्या संचावरून निघालेला आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा ‘एफटी-१०१’ विनासायास ऐकतो.

२०१७ साली आलेली ‘एफटी-८’ ही पद्धत मात्र बोलीचा बदल आहे. दोन्हीकडे संगणक असतो, पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने संकेतनाम, स्थान आणि संकेताची तीव्रता एवढेच पाठविले जाते. कानास न कळणारा क्षीण संकेतही तीत वाचता येतो, हे तिचे सामर्थ्य. परंतु ‘तुमच्याकडे पाऊस झाला का’ हे त्या बोलीत विचारणे कठीण. भूजच्या २००१ च्या भूकंपात आणि अंदमानच्या २००४ च्या सुनामीत, दूरध्वनी बंद पडले असता हौशी मंडळींनी निरोप पोहोचविले ते मुख्यतः माणसाच्या आवाजात. तेथे नावे सांगायची होती, आणि पलीकडच्याचा घाबरेपणा ऐकून घ्यायचा होता.

माळव्यातील आपल्या मराठीचे याहून वेगळे काय आहे? माळवी आणि हिंदी शब्द तिने आनंदाने घेतले. पुण्याचे नातलग हसले तरी त्यांना ती कळत राहिली. जोवर पलीकडे कळते तोवर तो यंत्राचा बदल. कळेनासे होते तेव्हा तो बोलीचा. म्हणून नवा संच घेणाऱ्याने तो खुशाल घ्यावा, पण मोर्सची किल्ली व मायक्रोफोन टेबलावरून काढू नये.

एक विनंती. दोन हौशी केंद्रांचा संपर्क झाला की परस्परांस ‘क्यूएसएल’ कार्ड धाडण्याची रीत आहे. तारीख, वेळ, लहर, यंत्र, हवामान, सारे त्यावर लिहिलेले असते. महूच्या छावणीत नोकरी केलेल्या वा तेथील मंडळींच्या सहवासात आलेल्या एखाद्या घराच्या माळ्यावर अशी कार्डे किंवा नोंदवही असेल, तर ती रद्दीत घालू नये. आपल्या प्रांताच्या आकाशातून काय काय बोलले गेले, याचा तो लेखी पुरावा आहे.