एका हाताचे किती टक्के?

रविवारची सुट्टी आपल्याला नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे मिळाली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. १० जून १८९० ला ती मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पदरात पडली. पण लोखंड्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेऊन, साडेपाच हजार कामगारांच्या वतीने जो अर्ज तयार केला, त्यात एकूण पाच मागण्या होत्या. सुट्टी ही पहिली. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची वेळ आणि वेळेवर पगार या मधल्या तीन. पाचवी मात्र कुणाच्या लक्षात नाही.

ती अशी: काम करताना कामगाराला मोठी इजा झाली तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्या, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

आज हे साधं वाटतं. तेव्हा नव्हतं. गिरणीच्या पट्ट्यात हात गेला तर चूक मालकाची होती हे कामगारानेच कोर्टात सिद्ध करायचं. १८५५ चा अपघाताचा कायदा होता, पण तो मेलेल्या माणसाच्या वारसांसाठी. जिवंत राहिलेल्या अधू माणसाचं काय, याला उत्तर नव्हतं. गंमत बघा, त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. म्हणजे डोंगरीपासून परळपर्यंत पसरलेल्या मुंबईतला, दीनबंधूचा हा संपादक काळाच्या मागे अजिबात नव्हता. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत गेले. त्याच वर्षी ब्रिटनने असा कायदा केला. आपल्याकडे तो यायला १९२३ उजाडलं, आणि अंमल सुरू झाला १ जुलै १९२४ ला.

या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. मालकाची चूक दाखवायची गरज बहुतेक संपवली. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढं दाखवलं की पुरे. पण मग दुसरा प्रश्न आला. नुकसान किती झालं, हे कसं मोजायचं?

त्यासाठी कायद्याला एक तक्ता जोडला. आपल्या भाषेत सांगायचं तर सरळ लुकअप टेबल. दोन्ही हात गेले, १०० टक्के. कामापुरतीही दृष्टी उरली नाही, १०० टक्के. एक पंजा, ६०. अंगठा, ३०. तर्जनी पूर्ण गेली, १४. मधलं बोट १२. करंगळी ७. हे टक्के शरीराचे नाहीत, कमाईच्या क्षमतेचे आहेत, हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ इथेच आहे.

तक्त्यात एक मजेशीर आकडाही सापडतो. हात खांद्यापासून २०.३२ सेंटीमीटरच्या आत कापला गेला तर ८० टक्के, त्याच्या खाली ७०. इतकं काटेकोर माप कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलं असेल, असं वाटतं ना? २.५४ ने भागून बघा. बरोबर ८ इंच. पुढचा आकडा ११.४३, म्हणजे साडेचार इंच. कुणीतरी जुने इंच सेंटीमीटरमध्ये बदलले आणि दशांशासकट तसेच ठेवले. जुना कोड नव्या सिस्टिममध्ये नेताना आपण तरी वेगळं काय करतो?

आता हिशोब. जुन्या कायद्याखाली २०२० मध्ये पगाराची मर्यादा महिना १५,००० रुपये ठरली होती. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. कायमचा पूर्ण अधू झाला तर पगाराच्या ६० टक्के गुणिले गुणक, म्हणजे १८,७१,८२० रुपये. फक्त पंजा गेला असेल तर त्याचे ६० टक्के, ११,२३,०९२. एका आकड्यावरून साडेसात लाखांचा फरक पडतो. म्हणून भांडण त्या आकड्यावरच होतं.

आणि आकडा माणसागणिक बदलतो, हे तक्त्याला कळत नाही. १९६८ साली ओरिसात एका सिनेमागृहाचं नक्षीकाम करताना एक सुतार पडला. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व आहे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९७५ मध्ये सांगितलं, सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा हा माणूस सुतार म्हणून पूर्णच संपला. १०० टक्के धरा.

रस्त्यावरच्या अपघातांचा कायदा वेगळा, कोर्ट वेगळं, पण प्रश्न तोच. ऑक्टोबर २०१० च्या 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' निकालात सुप्रीम कोर्टाने रीतच घालून दिली. आधी बघा, जखमी माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही. मग त्याचा धंदा आणि वय. मग त्याची कमाई किती बुडाली ते ठरवा. उदाहरण कोर्टाचंच आहे: डावा हात गेला तर अपंगत्व साधारण ६० टक्के. ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळपास १०० टक्के गेली. सरकारी कारकून असेल तर नोकरी कदाचित जाणारही नाही. शिवाय, एका पायाचे ४५ टक्के म्हणजे सगळ्या शरीराचे ४५ टक्के नव्हेत. आणि नुसतं सर्टिफिकेट जोडून भागत नाही. ज्यांनी उपचार केले किंवा तपासलं, त्या डॉक्टरांनी कोर्टात येऊन सांगायला हवं.

हे सगळं आठवायचं कारण आमचं करमाड. एका बाजूला शेंद्र्याची एमआयडीसी, एका बाजूला जालना रोड, मधून रेल्वे. प्रेसवर बोटं जातात, रोडवर पाय. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखला मिळाला की काम झालं असं लोक धरून चालतात. तो दाखला सवलतींसाठी असतो. भरपाईसाठी विचारतात ते वेगळंच: आधी काय काम करत होतास, आणि आता काय जमत नाही? म्हणून हजेरी, पगाराची पावती, केसपेपर जपून ठेवा. कारखाना ईएसआयमध्ये असेल तर वाट मेडिकल बोर्डातून जाते, पण कागद तिथेही हेच लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी जखमांची यादी तिच्यासोबत पुढे आलीच आहे.

आणि ज्यांच्यासाठी कुठलाच रकाना नसतो त्यांचं काय? ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या मधे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून मध्य प्रदेशातल्या घरी चालले होते. कारखाना मागे सुटलेला, म्हणजे कामावर नाहीत. तिकीट नाही, म्हणजे रेल्वेचे प्रवासी नाहीत. दोन्ही राज्य सरकारांनी मृतांच्या कुटुंबांना पाच-पाच लाख जाहीर केले, ते मदत म्हणून.

लोखंड्यांनी मदत मागितली नव्हती. सोय मागितली होती, आणि ती सुट्टी अन् पगाराच्या बरोबरीने, एकाच अर्जात.