नाममुद्रेपासून नोटिशीपर्यंत

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानदेवांनी गीतेचे निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या वाङ्मयेतिहासातली ही सर्वांत मोठी घटना. बोलणारा एक, टिपून घेणारा दुसरा आणि पुढे शतकानुशतके नकला करणारे असंख्य, अशी तिची रचना आहे. याच जिल्ह्यात आज हरिनाम सप्ताहाच्या मांडवात एखादा तरुण मोबाईल लावून दोन तासांचे कीर्तन टिपतो आणि घरी जाऊन ते यूट्यूबवर टाकतो. बोलणारा, टिपणारा आणि पसरवणारे ही रचना तीच आहे. नवीन आहे तो काही दिवसांनी त्या तरुणाला येणारा निरोप : कॉपीराइटच्या तक्रारीवरून तुमची चित्रफीत काढून टाकण्यात आली आहे.

या निरोपामागचा इतिहास काय, आणि आपल्या परंपरेत नकलेबद्दलची तक्रार नेमकी कशाची असे, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपल्याकडे नक्कल करणे हा दोष नव्हता, नाव बदलणे आणि मजकुरात भेसळ करणे हा दोष होता. आजच्या नोटिशीत मात्र नकलेला जागा आहे, भेसळीला जवळजवळ नाही. त्यामुळे कीर्तनकाराचे खरे दुखणे तसेच राहते आणि कीर्तनाची नोंद तेवढी पुसली जाते.

पोथीच्या जगात नकलाकार हा चोर नव्हता. पोथी नकलणे हे पुण्यकर्म होते. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव, तिथी नोंदवी आणि समोर जसे होते तसे लिहिले, चुकीचा दोष मला देऊ नये, अशी विनवणी करी. या विनवणीतच त्या व्यवहाराचा नियम दडलेला आहे. उत्तर द्यायचे ते नक्कल का केली याचे नव्हे, तर नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही याचे.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हा नियम मोडला गेला तेव्हा एकनाथांना पुढे यावे लागले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी प्रती मिळवून, पाठ ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी कडक ताकीद दिली की यात कोणी आपली ओवी घालू नये. मराठीत मजकुराच्या अखंडतेसाठी दिलेली ही फार जुनी नोटीस म्हणता येईल. तिच्यात प्रती करू नका असे कुठेही नाही. उलट शुद्ध प्रत पसरावी म्हणूनच तो सारा खटाटोप होता.

राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे महिपती (१७१५–१७९०) हे या परंपरेचे दुसरे टोक. शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, पूर्ण झालेल्या ‘भक्तविजया’त त्यांनी संतांच्या कथा मराठीत गुंफल्या. पण हे आपल्या पदरचे नाही, उत्तरेकडचे नाभाजी आणि आपल्याकडचे उद्धवचिद्घन यांच्या आधारे लिहितो आहे, असे त्यांनी स्वच्छ सांगून टाकले. घेण्याला आडकाठी नाही, मात्र कुणाकडून घेतले ते सांगायचे, हा तो शिष्टाचार. अभंगाच्या शेवटची नाममुद्रा याच शिष्टाचाराचा भाग आहे. ती रचनेबरोबर चालते. गाणारा कुणीही असो, शेवटच्या चरणात कर्त्याचे नाव घ्यावेच लागते.

ती मुद्रा पुसली की काय होते याचे उदाहरण म्हणजे सालोमालो. तुकोबांच्या गाथेत त्याच्यावर अभंग आहेत, आणि १९३६ सालच्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये तो तुकोबांच्या रचना स्वतःच्या म्हणून मिरवणारा खलनायक झाला. गंमत अशी की याच चित्रपटात उलटा प्रकारही घडला. ‘आधी बीज एकले’ ही त्यातली रचना शांताराम आठवले यांची. पण ती इतकी तुकोबांच्या वळणाची उतरली की जाणत्यांनीही ती गाथेत शोधली. आजही भजनी मंडळे ती तुकोबांची म्हणून गातात. आठवले १९७५ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, या हिशेबाने ही रचना २०३५ सालाच्या अखेरपर्यंत मोकळी नाही. मंडळाच्या लेखी मात्र ती तीन-साडेतीन शतके सर्वांची आहे.

आता कायद्याकडे वळू. १९५७चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला. जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार ते भाषण करणारा, अशी स्पष्ट तरतूद त्यात १९८३च्या दुरुस्तीने आली. १९९४च्या दुरुस्तीने ‘सादरकर्ता’ कोण हे सांगितले. त्या यादीत नट, गायक, वादक, नर्तक, कसरती करणारे, जादूगार, अगदी गारुडीही आहे, व्याख्याता आहे. कीर्तनकार हा शब्द नाही, पण ‘सादरीकरण करणारी अन्य कोणीही व्यक्ती’ या शेपटात तो सहज बसतो.

म्हणजे एका कीर्तनाच्या चित्रफितीत किती हक्क गुंतले आहेत पाहा. अभंग तुकोबांचा, तो सर्वांचा. निरूपण कीर्तनकाराचे. गायक, टाळकरी, मृदंगवादक यांचे सादरकर्ते म्हणून वेगळे हक्क. आणि ज्याने चित्रण केले त्याचाही चित्रफितीवर काही हक्क. मध्येच एखादी चाल चित्रपटगीताची असेल, तर संगीत कंपनी पाचवी. खरी धार्मिक विधी-समारंभातली गायन-वादने कायद्याच्या ५२व्या कलमाने मोकळी ठेवली आहेत; पण ती सवलत मांडवापुरती. तेच कीर्तन चित्रफीत होऊन वर्षभर जगभर दिसत राहिले, तर तिचा आधार डळमळतो.

काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडची नाही. १९९८ साली अमेरिकेने केलेल्या कायद्यात ती आली : मालक कळवील तेव्हा संकेतस्थळाने मजकूर तातडीने काढावा, मग लोकांनी टाकलेल्या मजकुराची भरपाई त्याच्याकडून मागता येणार नाही. २००७ साली यूट्यूबने याच्या जोडीला ध्वनी व चित्र ताडून पाहणारे यंत्र बसवले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या एका आईने आपल्या तान्ह्याच्या नाचाची २९ सेकंदांची चित्रफीत टाकली. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे वाजत होते, म्हणून ती उतरवली गेली. बाई कोर्टात गेल्या. नोटीस देण्याआधी हा वापर रास्त आहे का याचा विचार मालकाने करायला हवा, एवढे अपील न्यायालयाकडून ऐकायला २०१५ साल उजाडले.

आपल्याकडे २१ जून २०१२ पासून अमलात आलेली दुरुस्ती आणि २०१३चे नियम यांनी निराळी चौकट घातली. तक्रार रीतसर असल्यास ३६ तासांत मजकूर थांबवायचा. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. चौकट समतोल आहे. पण गावातल्या मुलासमोर जो अर्ज उघडतो तो अमेरिकी धाटणीचा. उलट दावा करायचा तर आपले नाव-पत्ता तक्रारदाराला कळणार आणि कोर्टाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागणार. तीन तक्रारी साचल्या तर सगळे चॅनेलच जाण्याची भीती. सप्ताहासाठी वर्गणी काढणारा मुलगा या वाटेला का जाईल? तो चित्रफीत सोडून देतो.

कीर्तनकाराची बाजूही तितकीच खरी आहे. याच जिल्ह्यातले निवृत्ती महाराज देशमुख, अर्थात इंदोरीकर, यांचे उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांची लोकप्रियता मोबाईलवरच्या तुकड्यांनी गावोगाव पोचवली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अपत्याच्या लिंगाविषयीच्या विधानावरून उठलेला वादही अशाच चित्रफितीतून निघाला. प्रकरण संगमनेरच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे २०२२च्या सुरुवातीला अकोल्यातल्या कीर्तनात त्यांनी आपल्या चित्रफिती टाकून पैसे मिळवणाऱ्यांवर तोंडसुख घेतले, आणि त्या शब्दांवर दिव्यांगांच्या वतीने आक्षेप घेतले गेले. त्या विधानांचे समर्थन करण्याचा प्रश्न नाही. पण त्यांच्या रागात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत : माझ्या बोलण्यावर दुसरा कमावतो ही एक, आणि माझे बोलणे तोडून दाखवले जाते ही दुसरी.

पहिली तक्रार सालोमालोच्या जातीची नाही. चित्रफितीवर महाराजांचे नाव ठळक असते, किंबहुना त्या नावावरच ती चालते. ही तक्रार पैशाची आहे आणि कायदा ती ओळखतो. दुसरी तक्रार एकनाथांची. इथे कायदा हात आखडता घेतो. २०१२च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क दिला. पण लगेच खुलासा जोडला की संपादनासाठी किंवा वेळेत बसवण्यासाठी काही भाग वगळला, तर तेवढ्याने नावलौकिकाला बाध आला असे समजू नये. दोन तासांच्या निरूपणातून एक मिनिट काढणाऱ्याला ही पळवाट पुरेशी आहे. मग दुखावलेला माणूस हाताशी असलेले हत्यार उचलतो : नकलेची नोटीस. तिने तुकडा उतरतो तसे पूर्ण कीर्तनही उतरते. तुकडा तोवर हजारो मोबाईलांत पोचलेला असतो. ज्याच्याशी तो ताडून पाहायचा, ते पूर्ण कीर्तन मात्र नाहीसे होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला भीती वाटते ती याची. पोथ्या टिकल्या, कारण त्यांच्या प्रती मठांत, वाड्यांत, कुलकर्ण्यांच्या माळ्यांवर विखुरल्या होत्या. एकनाथांना पाठ ताडता आले ते अनेक प्रती होत्या म्हणून. आजच्या कीर्तनाची प्रत बहुधा एकाच कंपनीच्या साठ्यात असते आणि एका तक्रारीने जाते. कीर्तनात वादग्रस्त काही बोलले गेले असेल, तर त्याची शहानिशा करायलाही तीच प्रत लागते.

उपाय जुन्या शिष्टाचारातच सापडतो. सप्ताह ठरवताना कीर्तनकार, मंडळ आणि चित्रण करणारा यांनी एक पानभर लिहून घ्यावे : कीर्तन पूर्ण ठेवायचे, तुकडे करायचे नाहीत, मिळकत कशी वाटायची, आणि शीर्षकात कीर्तनकाराबरोबर गाव, तिथी, टाळकरी-मृदंगवादक यांची नावे द्यायची. आणि एक प्रत इंटरनेटबाहेर राहावी, गावच्या वाचनालयात किंवा नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी, जिथे हस्तलिखिते जपली जातात. कायद्यात बदल व्हायची वाट पाहण्याची यासाठी गरज नाही. पोथीच्या शेवटी लेखनिक जे चार शब्द लिहीत असे, तेच चित्रफितीखाली लिहायचे आहेत.