दोन बोटे आणि एक नादसृष्टी

कलेच्या इतिहासात अपघातांच्या दंतकथा फार लवकर होतात. अपघात आणि निर्मिती यांच्यामध्ये जी वर्षे जातात, त्यांचा हिशेब मात्र सहसा कोणी मागत नाही. टोनी आयोमी या इंग्रज गिटारवादकाच्या चरित्रात तो हिशेब मांडता येतो.

आयोमी यांचा जन्म १९४८ साली बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी झाला. १९६५ मध्ये, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या अखेरच्या दिवशी, त्यांचा उजवा हात यंत्रात सापडला. मधले बोट व अनामिका यांची अग्रे तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता. निराश झालेल्या या मुलाला कारखान्यातील वरिष्ठाने जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकविली. १९२८ मध्ये आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावरही राइनहार्ट जॅझचे थोर वादक ठरले होते.

उमेद अशी उसनी मिळाली. उपाय मात्र स्वतःच शोधावा लागला. आयोमी यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चढविले. जाड तारा दुखवीत, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे त्यांनी वाद्यच खालच्या स्वरात उतरविले. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या ध्वनिमुद्रिकेतील काही गीतांत ते तीन अर्धस्वरांनी खाली आहे. तारा सैल झाल्या, नाद जड व गंभीर झाला.

त्याआधीच, फेब्रुवारी १९७० मध्ये, ऑझी ऑझबर्न, गीझर बटलर व बिल वॉर्ड यांच्यासह त्यांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली होती. तिच्या आरंभीच्या गीताचा पाया आपल्या परिभाषेत षड्ज व तीव्र मध्यम यांतील अंतरावर आहे. यमनात जो स्वर आपणांस सायंकाळची प्रसन्नता देतो, तोच येथे भयाची छाया पाडतो. या वादनातून ‘हेवी मेटल’ ही शाखा आकारास आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

तीव्र मध्यमाची ही निवड कोणत्याही यंत्राने करून दिलेली नव्हती. अपघाताने केवळ जुनी वाट बंद केली. नवी वाट पाच-सहा वर्षांच्या खटपटीने पडली. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्येच हे चौघे अखेरचे एकत्र वाजले. त्याच महिन्यात ऑझबर्न निवर्तले. अपघाताला या कलेचे जनकत्व देणे म्हणजे त्या खटपटीचे श्रेय यंत्राला देणे होय.