पर्याय होता, मग उशीर का झाला?

संशोधनाच्या सुरुवातीला एक चूक बहुतेकांकडून होते. शोध लागल्याचं साल सापडलं की प्रश्न सुटला असं वाटतं. माझंही तसंच झालं. विषय होता पांढरा रंग.

युरोपात शतकानुशतकं शिशाचा सफेदा वापरात होता. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत, घोड्याच्या लिदीच्या उबेत कित्येक आठवडे ठेवायचे आणि त्यांवर धरलेला पांढरा थर खरवडून काढायचा. त्याची पूड जवसाच्या तेलात खलली की रंग तयार. पण ही पूड करणाऱ्या कामगारांना आणि जुना रंग घासणाऱ्या रंगाऱ्यांना पोटात भयंकर कळा यायच्या, मनगटं लुळी पडायची.

फ्रान्समधल्या दिजाँ शहरातले रसायनशास्त्रज्ञ गितों द मोर्व्हो यांनी 1782 मध्ये याला पर्याय सुचवला: जस्ताचा सफेदा, म्हणजे झिंक ऑक्साइड. मी टिपणात लिहिलं, ‘बिनविषारी पर्याय सापडला, 1782.’ मार्गदर्शकांनी समासात एकच प्रश्न लिहिला: ‘मग पुढची शंभर वर्षं रंगारी आजारी का पडत होते?’

आता रंगाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. जस्ताचा सफेदा महाग. शिसं तेलाला लवकर सुकवतं, जस्त तसं करत नाही. शिवाय तो कमी झाकतो, म्हणून जास्त हात द्यावे लागतात. जास्त हात म्हणजे जास्त मजुरी.

ही कोंडी फोडली ती पॅरिसमधले रंगकामाचे कंत्राटदार लक्लेर यांनी. 1840 च्या दशकात त्यांनी जस्ताची वाफ हवेत जाळून सफेदा मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. तेल लवकर सुकावं म्हणून त्यात जे घालत, तेही बऱ्याचदा शिशाचंच असायचं! त्याऐवजी लक्लेर यांनी मँगनीज घालून कढवलेलं तेल वापरलं. म्हणजे नुसता रंग बदलून भागणार नव्हतं, हे कामावरच्या माणसाला नेमकं कळलं होतं.

1849 मध्ये फ्रेंच सरकारने सार्वजनिक इमारतींसाठी जस्ताचा सफेदा वापरण्याचा आदेश काढला. तरीही रंगकामात शिशाच्या सफेद्यावर बंदी घालणारा कायदा झाला 1909 मध्ये आणि लागू झाला 1915 मध्ये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार आला 1921 मध्ये. तोही मुख्यतः इमारतींच्या आतल्या रंगकामापुरता. रेल्वे स्थानकं आणि कारखाने यांना सूट मिळण्याची सोय त्यात होतीच.

1782 ते 1915, म्हणजे 133 वर्षं. माझा खरा विषय हा मधला काळ आहे, हे मला उशिरा कळलं.

तुम्ही टिपणं काढाल तेव्हा शोधाच्या सालाशेजारी आणखी दोन रकाने आखा: ‘वापर कधी सुरू झाला?’ आणि ‘तोवर किंमत कोणी मोजली?’ दुसरा रकाना भरायला वेळ लागतो. कारण शोध लावणाऱ्याचं नाव पुस्तकात मिळतं. मनगट लुळं पडलेल्या रंगाऱ्याचं नाव दवाखान्याच्या जुन्या नोंदवहीत शोधावं लागतं.