कात्ये केकलबेक : एका प्रहसनाचा इतिहास

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व सरहद्दीवर ग्रॅहम्सटाउन नावाचे गाव वसले होते. २०१८ पासून ते माखांडा या नावाने ओळखले जाते. १८३८ साली तेथील हौशी नटमंडळींनी एक छोटेसे प्रहसन रंगभूमीवर आणले. ‘कात्ये केकलबेक’ हे त्याचे नाव. कात्ये ही खोइखोइ जमातीची एक स्त्री, आणि ‘केकलबेक’ म्हणजे सदैव वटवट करणारी. ही कात्ये आपल्या चोऱ्या, आपले मद्यपान आणि आपला तुरुंगवास यांची हकीकत मोडक्या डच-इंग्रजीत, गाणी म्हणत, बिनदिक्कत सांगते. समोर बसलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना ती ऐकून हसू आवरत नसे.

प्रहसनाचा कर्ता अँड्र्यू गेडिस बेन (१७९७–१८६४) हा जन्माने स्कॉटिश. घाटातले रस्ते बांधणारा कुशल स्थापत्यकार आणि दक्षिण आफ्रिकेच्या भूशास्त्राचा जनक म्हणून त्याची कीर्ती आहे. १८५३ साली खुला झालेला ‘बेन्स क्लूफ’ हा घाट आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. अशा विद्याव्यासंगी पुरुषाने एका गरीब स्त्रीची एवढी टर का उडवावी, या प्रश्नाचे उत्तर त्या दशकाच्या राजकारणात आहे.

१८२८ साली केप सरकारने ‘पन्नासावा वटहुकूम’ काढून खोइखोइ लोकांवरील पास बाळगण्याची सक्ती उठविली आणि कायद्यापुढे त्यांना गोऱ्यांच्या बरोबरीचे स्थान दिले. पुढच्याच वर्षी कॅट नदीच्या खोऱ्यात त्यांची स्वतंत्र वस्ती वसविण्यात आली. लंडन मिशनरी सोसायटीचे डॉ. जॉन फिलिप हे त्यांचे कैवारी होते. १८३६ साली फिलिप आपल्यासमवेत कॅट नदीचे आंद्रिस स्टोफल्स आणि खोसा सरदार यान झात्सू यांना इंग्लंडला घेऊन गेले. ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे या दोघांनी स्वतःच्या तोंडाने साक्ष दिली. त्याच सुमारास सरहद्दीच्या युद्धात जिंकलेला खोसांचा मुलूख परत करण्याचा हुकूम लंडनहून सुटला, आणि त्या मुलखात बेनला मिळालेली जमीन त्याच्या हातून गेली. वसाहतवाल्यांनी या साऱ्याचे खापर फिलिप आणि परोपकारी मंडळी यांच्या माथी फोडले. कात्येला कॅट नदीची रहिवासी केली आहे ती याच कारणाने. लंडनमध्ये ज्यांची साक्ष गंभीरपणे ऐकून घेतली गेली, ते लोक मुळात चोर आणि दारुडे आहेत, असे प्रेक्षकांच्या मनावर ठसविणे हा या विनोदाचा हेतू होता. गुलामगिरी रद्द झाल्यानंतरही चालू ठेवलेली सक्तीची उमेदवारी त्याच वर्षी १ डिसेंबरला संपुष्टात आली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हास्यामागील धास्तीही कळून येते.

परंतु विनोदाने आपल्या कर्त्याच्या नकळत एक वेगळेच काम केले. १८४६ साली केपटाउनच्या ‘सॅम स्लाय्‌ज आफ्रिकन जर्नल’ या पत्रात हे गीत-भाषण छापले गेले. ग्रंथांच्या डचपासून दूर गेलेली, स्वयंपाकघरात, शेतात आणि गाड्यांच्या तळावर घडत असलेली बोली रंगभूमीवरून ऐकू आल्याची जी अगदी आरंभीची उदाहरणे आहेत, त्यांत या प्रहसनाची गणना होते. ज्या बोलीला लोक हसत होते, तीच बोली पुढे आफ्रिकान्स भाषा झाली.

कॅट नदीच्या लोकांचे पुढे काय झाले? १८३४–३५ च्या युद्धात ते वसाहतीच्या बाजूने लढले होते. त्यांच्या पदरी मात्र उपेक्षाच आली, आणि १८५१ साली त्यांच्यातील अनेकांनी बंड केले. बंड मोडल्यावर त्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर हिरावून घेण्यात आल्या. इकडे १८७५ साली पार्ल येथे गोऱ्या आफ्रिकानेर मंडळींनी भाषासंस्था स्थापन केली. १९२५ साली आफ्रिकान्सला राजभाषेचा मान मिळाला. ती भाषा गोऱ्यांचीच, असा डांगोरा पिटला गेला. वस्तुतः केपचे मुसलमान तीच भाषा अरबी लिपीत लिहीत होते, आणि अबू बक्र एफेंदी यांचा त्या भाषेतील धर्मग्रंथ १८७७ साली इस्तंबूलमध्ये छापला गेला होता.

या कथेला उत्तर मिळाले ते आफ्रिकान्स रंगभूमीवरच. अ‍ॅडम स्मॉल (१९३६–२०१६) यांचे ‘कान्ना घरी येतो’ या अर्थाच्या नावाचे नाटक १९६५ साली प्रसिद्ध झाले. केपच्या मिश्रवंशीय वस्तीतील माकीट ही त्यातील माता. तिची भाषा कात्येच्या बोलीच्याच कुळातली. पण येथे ती हसण्याकरिता योजलेली नाही, दुःख बोलून दाखविण्याकरिता योजलेली आहे. १९७१ साली केपटाउनमध्ये उभारलेल्या भव्य निको मलान नाट्यगृहाची दारे मात्र १९७५ पर्यंत स्मॉल यांच्या समाजातील प्रेक्षकांना बंद होती. आफ्रिकान्स साहित्यातील मानाचे हर्ट्झोग पारितोषिक स्मॉल यांना मिळाले तेव्हा २०१२ साल उजाडले होते.

बेनच्या रंगमंचावर कात्येने खूप बडबड केली. पण तिच्या तोंडचा एकही शब्द तिचा स्वतःचा नव्हता. तिच्या वंशजांना आपले शब्द आपणच रंगभूमीवर उच्चारावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. एखाद्या जुन्या प्रहसनाला लोक किती हसले, याची नोंद ठेवणे सोपे असते. त्या वेळी कोण हसत होते आणि कोणाला नाट्यगृहात येण्याची सोय नव्हती, हेही त्या नोंदीशेजारी लिहून ठेवले, तरच तो नाटकाचा इतिहास पुरा होतो.